वाकलेला खांब

घाटरस्त्याने जाताना बहुतेक प्रवासी दरीकडे पाहतात. मला मात्र दरी आणि रस्ता यांच्यामध्ये उभ्या असलेल्या लोखंडी कठड्याकडे पाहण्याची सवय जडली आहे. चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाट लागतो. अशा घाटांच्या वळणांवर एखादा खांब वाकलेला दिसला, की मी तेथे हटकून थांबतो. सरळ खांबापेक्षा तो अधिक बोलका असतो.

हा कठडा तसा अगदी साधा. पोलादी पत्र्याची, पन्हळीसारख्या घडीची एक लांबच लांब पट्टी आणि तिला धरून साधारणपणे दर दोन मीटरांवर एकेक खांब. खांबाची लांबी सुमारे १.८ मीटर, पैकी १.१ मीटर भाग जमिनीखाली. म्हणजे दिसतो त्याहून अधिक तो गाडलेला असतो. तरीही एका धडकेने तो वाकतो, हे पाहून कोणालाही वाटेल, की पूर्वीचे काळ्या दगडाचे कठडेच भक्कम होते!

थोडा हिशेब करून पाहू. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या अंगी केवढी ऊर्जा असते? तीच मोटार सुमारे २० मीटर उंचीवरून, म्हणजे एखाद्या सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकावी, तेवढी! गाडी कठड्यावर सहसा तिरकी येते, म्हणून ही सगळीच ऊर्जा त्याला झेलावी लागत नाही. पण वाट्याला येते तीही थोडीथोडकी नसते. ती कोठेतरी जिरली पाहिजे. दगडी कठडा जागचा हलला नाही, तर ती गाडीच्या पत्र्यात आणि आत बसलेल्या माणसांच्या हाडांत जिरते. आंब्याच्या झाडावरून उडी टाकताना आपण गुडघे वाकवतो, ते काही उगीच नव्हे. खांब नेमके तेच करतो. पोलाद वाकवताना ऊर्जा खर्ची पडते आणि धक्काही एका क्षणात न बसता थोडा लांबतो.

सगळे खांब सारखे वाकत नाहीत. भुसभुशीत मातीतला खांब स्वतः फारसा वाकत नाही, तो मुळापासून कलंडतो. रस्त्याच्या बाजूला जमिनीत फट पडते आणि दरीच्या बाजूला माती फुगून वर येते. काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेल्या खांबाला कलण्याची सोय नसते. तो जमिनीलगत गुडघा टेकल्यासारखा दुमडतो. काही खांबांना पीळ बसतो, कारण त्यांचा आकार एका बाजूने उघड्या असलेल्या पन्हळासारखा असतो, आणि असा आकार पिळापुढे दुबळा ठरतो. खांब पुढच्या अंगालाही ढकलला गेलेला असतो. त्यावरून गाडी कोणीकडून आली तेही कळते.

मला सर्वांत कौतुक वाटते ते बोल्टच्या योजनेचे. खांब झुकू लागला, की बोल्टचे डोके पट्टीच्या लांबट भोकातून निसटावे, अशी ही योजना असते. ते निसटले नाही, तर खांब आपल्याबरोबर पट्टीलाही खाली ओढील आणि गाडी तिच्यावर चढून दरीत जाईल. पट्टी मोकळी झाली, की मागचे-पुढचे खांब तिला ताणून धरतात.

पुरात वाकणाऱ्या लव्हाळ्याची उपमा येथे चालणार नाही. पूर ओसरला, की लव्हाळा पुन्हा उभा राहतो. एकदा घाटात दुरुस्तीचे काम चालू असताना मी मुकादमाला विचारले, "हा खांब ठोकून सरळ करता येणार नाही का?" तो म्हणाला, "सरळ दिसंल गुरुजी, पण कामाचा नाही. घडी पडली तिथं जस्त उडालं. आता तिथूनच गंजणार." वाकलेला खांब बाजूला टाकून त्याने नवा उभा केला.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात सलते. मोटारीपुढे वाकणारा हा खांब माणसापुढे वाकत नाही. मोटारसायकलवरून पडून घसरत आलेला माणूस पट्टीखालून थेट खांबावर आदळतो, आणि माणसाचे वजन पोलाद वाकवण्यास पुरे पडत नाही. युरोपातील काही देशांत यासाठी धोक्याच्या वळणांवर पट्टीखाली, जमिनीलगत, आणखी एक पट्टी लावतात. घसरत आलेला माणूस तिच्यावरून पुढे सरकतो, खांबापर्यंत पोहोचत नाही. मी पाहिलेल्या घाटांत अशी दुसरी पट्टी मला अजून दिसलेली नाही.