दोन दाब आणि एक रुग्ण

सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृताच्या मऊ ऊतींची जागा टणक तंतू घेतात तेव्हा, आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या पोर्टल शिरेतले रक्त तुंबून तिच्यातला दाब वाढतो. मग बरेचसे रक्त आडवाटेने यकृताला वळसा घालून हृदयाकडे जाते आणि यकृताने निष्प्रभ करायला हवी होती अशी द्रव्ये फुप्फुसांतील रोहिण्यांपर्यंत पोहोचतात. त्यामुळेच काही थोड्या रुग्णांत या रोहिण्यांच्या भिंती जाड होऊन तिथलाही दाब चढतो, असे मानले जाते. या अवस्थेला पोर्टोपल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात.

अशा रुग्णाच्या बाबतीत केवळ यकृत बदलणे जिवावर बेतू शकते. नव्या यकृताच्या शिरांवरचे चिमटे काढताच थंड, आम्लयुक्त रक्त एकाएकी हृदयाच्या उजव्या बाजूकडे उसळते. तिथला पातळ भिंतीचा कप्पा अरुंद रोहिण्यांत रक्त ढकलताना आधीच थकलेला असतो आणि त्याने हार मानली, तर रक्त मागे तुंबून नुकतेच जोडलेले यकृतही सुजते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी गळ्याच्या शिरेतून बारीक नळी सरकवून फुप्फुस रोहिणीतला दाब मोजतात. सरासरी दाब 20 मिलिमीटर पाऱ्याच्या आत असणे स्वाभाविक. 35 च्या पुढे धोका वाढत जातो आणि 50 च्या वर केवळ यकृताचे प्रत्यारोपण सहसा निषिद्ध मानले जाते.

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी 1986 मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ रुग्णालयात जॉन वॉलवर्क आणि रॉय काल्न यांच्या पथकांनी यकृत आणि फुप्फुस रोहिण्या अशा दोन्हींच्या आजाराने ग्रासलेल्या एका स्त्रीवर हृदय, फुप्फुसे आणि यकृत यांचे एकत्रित प्रत्यारोपण केले, आणि ती त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जगली.

मात्र एका दात्याचे हे अवयव वेगवेगळे दिले, तर तीन-चार माणसे वाचू शकतात. त्यामुळे ते सर्व एकालाच देण्याचा निर्णय हा जितका वैद्यकाचा, तितकाच न्यायाचाही प्रश्न ठरतो. त्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर औषधांनी दिले. एपोप्रोस्टेनॉल हे रोहिण्या रुंदावणारे औषध रक्तात काही मिनिटेच टिकते, म्हणून ते छोट्या पंपातून अहोरात्र शिरेत सोडावे लागते. पण त्याने दाब 35 च्या खाली आला आणि उजवे हृदय सावरले, तर अनेकांना एक यकृत पुरते. औषधांना दाद न देणाऱ्या मोजक्यांसाठी यकृताबरोबर फुप्फुसांचे, क्वचित हृदयाचेही प्रत्यारोपण उरते.

ऐन दुःखात अवयवदानाला होकार देणाऱ्या आप्तांचा विश्वास सांभाळायचा, तर एका अवयवाने भागत असताना तीन वापरणे जसे अन्यायाचे, तसेच ज्याला तिन्हींवाचून तरणोपाय नाही त्याला केवळ हिशेबापोटी नाकारणेही अन्यायाचेच आहे.