दादीची शाळा कोणती?



यंदा राखीला माहेरची सगळी मंडळी आमच्याकडे नाशिकला आली होती. पप्पा, मम्मी, भाऊ-भाभी, मुलं आणि नव्वदीकडे झुकलेली दादी. दुपारची जेवणं झाली, मुखवास फिरला आणि नेहमीसारखा विषय निघाला, शाळेचा.

माझं माहेर चांदवडचं. इथून आग्रा रोडने 60-65 किलोमीटर. आमच्या घरात शाळा म्हटलं की एकच, श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम. 1928 साली केशवलालजी आबड यांनी, म्हणजे आपल्या काकाजींनी, तो सुरू केला. आमचे दादाजी तिथेच शिकले, नंतर पप्पा आणि मग भाऊ. मी बी.कॉम. संस्थेच्याच कॉलेजात केलं आणि आता माझी लेक तिथेच इंजिनिअरिंगला आहे. चार पिढ्या एकाच आवारात!

दादाजी आता नाहीत, पण त्यांच्या गोष्टी पप्पा त्यांच्याच आवाजात सांगतात. पहाटेची घंटा, थंडीत गार पाण्याची अंघोळ, प्रार्थना, दिवस मावळायच्या आत जेवण. घरची आठवण आली की दादाजी उशीत तोंड खुपसून रडायचे आणि सकाळी सर्दी झाल्याचं सांगायचे. पप्पांच्या आठवणी पाढे आणि छडीच्या, भावाच्या क्रिकेटच्या. हसून हसून पुरेवाट झाली.

तेवढ्यात माझ्या लेकीने सहज विचारलं, "बडी नानी, तुमची शाळा कोणती?"

सगळे गप्प झाले. दादी सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "मी फाटकापर्यंत गेलेय."

मग तिने जे सांगितलं ते आम्ही कोणीच कधी ऐकलं नव्हतं. तिचा मोठा भाऊही त्याच आश्रमात होता. त्याला सोडायला बैलगाडी निघाली की लाडवाचा डबा मांडीवर धरून दादी सोबत जायची. फाटकाशी गाडी थांबायची. वडील भावाला घेऊन आत जायचे आणि ही गाडीतच बसायची. आतून मुलांचा एका सुरातला आवाज यायचा. "मला वाटायचं, डबा द्यायला तरी आत बोलावतील," ती म्हणाली. आश्रम मुलांचा होता, काळच तसा होता. पण सात-आठ वर्षांच्या पोरीला काळ कुठे कळतो?

दिवाळीत भाऊ घरी आला की ती त्याचं पुस्तक उघडून चित्रं बघायची. आई म्हणायची, "ठेव ते, पोळ्या कर." पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न झालं, तेही त्याच शाळेत शिकलेल्या मुलाशी! घरात पेटीभर पुस्तकं होती. "यांनी कधी शिकवलं नाही, मीही कधी मागितलं नाही. लाज वाटायची."

सख्यांनो, ते ऐकून पप्पांनी मान खाली घातली. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त लाज मला वाटली. लग्नाआधी पर्युषणात मी रोज दादीला प्रतिक्रमणाचं पुस्तक वाचून दाखवायचे. बँकेत तिच्या अंगठ्याला शाई लावून द्यायचे. बी.कॉम. झालेली नात! दादीची सेवा करते म्हणून स्थानकात माझं कौतुक व्हायचं. पण तिला अक्षर शिकवावं, हे एकदाही मनात आलं नाही. वाचून दाखवणं सोपं होतं. शिकवायला रोज वेळ द्यावा लागला असता.

ते काम केलं एका साध्वीजींनी. माझ्या लग्नानंतरच्या एका चातुर्मासात त्यांनी व्याख्यानात सांगितलं की प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला गणित. दोघीही त्यांच्या लेकी. दादी व्याख्यान संपल्यावर तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, "महाराजसा, देवाने लेकींना शिकवलं, मग आमच्या बापांना काय झालं होतं?" साध्वीजी हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सामायिक झाल्यावर अर्धा तास पाटी सुरू झाली. साठी उलटलेल्या दादीने चार महिन्यांत णमोकार मंत्र स्वतःच्या बोटाखाली धरून वाचला. तोंडपाठ होताच, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा दिसला, असं ती म्हणते.

हे सगळं सांगून झालं तशी माझी लेक उठली आणि कॉलेजच्या कार्यक्रमाची मराठी पत्रिका घेऊन आली. "बडी नानी, हे वाचा ना." दादीने चष्मा लावला. एकेक अक्षर जुळवत वाचलं, "कै. सौ. कां-ता-बा-ई... भवरलालजी जैन... अभियांत्रिकी महाविद्यालय." थांबली. पुन्हा पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"बाईचं नाव आहे गं!"

"हो. तिथेच शिकते मी."

दादीने पत्रिकेची घडी घालून ती पुस्तकात ठेवली आणि म्हणाली, "दिवाळीनंतर मला घेऊन चल. या वेळी आत जाऊ."

संवत्सरीला आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. या वर्षी मी ते दादीसमोर बसून, कशासाठी म्हणते आहे ते सांगून म्हटलं. तिने डोक्यावर हात ठेवला आणि लगेच विचारलं, "बँकेत सही करताना जोडाक्षर मोठं येतं, ते लहान कसं काढायचं?" आता रोज रात्री आठ वाजता आमचा फोनवर व्हिडिओ कॉल असतो. वही तिची, वेळ माझा.

तुमच्याही घरी शाळेच्या गप्पा रंगत असतील. तेव्हा कोपऱ्यात सुपारी कातरत कोणी गप्प बसलं असेल, तर तिलाही एकदा विचारा.

जय जिनेंद्र.