बंदा रुपया

गोंदियाजवळचे बिरसी आज विमानतळामुळे ओळखले जाते. ती धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत बांधली. त्याच वर्षी त्यांनी रुपयातील चांदीही घटविली. तोळाभर वजनाच्या त्या नाण्यात पूर्वी बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे; ती निम्म्यावर आली. १९४७ च्या रुपयात तर केवळ निकेल उरले.

अमेरिकेतील काही छांदिष्ट लोक बँकेतून नाण्यांच्या गुंडाळ्या आणून त्यांतून १९६४ पर्यंतची चांदीची नाणी निवडीत बसतात. ती नाणी तेथे अद्याप चलनात ग्राह्य असल्याने अधूनमधून सापडतातही. आपल्या बँकेतील पिशव्या उपसल्या तर हाती पोलादच लागायचे! जुने रुपये सरकारने १९४१ ते १९४३ या काळात मागे घेतले. जे परत गेले नाहीत, ते गाडग्यांत आणि आज्यांच्या माळांत राहिले.

संत लूकच्या शुभवर्तमानातील ती स्त्री नऊ नाणी हाती असताना दहाव्यासाठी दिवा लावून घर झाडते. सापडल्यावर ती त्याचे वजन करीत नाही, शेजारणींना बोलावते. सोनाराच्या तराजूला मात्र हा आनंद ठाऊक नसतो. बंदा रुपया तेथे भावाने तोलला जातो आणि मुशीत वितळतो.

आजीच्या माळेतील एक व्हिक्टोरिया राणीचा रुपया माझ्यापाशी आहे. त्याला ओवण्यासाठी कडी डाखलेली असल्याने संग्राहक त्याला नाक मुरडतात. ती कडी मी काढणार नाही.