बिनचाकी विमानाची गोष्ट

वीकेंडला काय करतोस, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी ‘मॉडेलिंग’ म्हणून सांगतो. समोरच्याचे डोळे एकदम चमकतात. मग मी ‘प्लास्टिकच्या विमानांचं’ असं पुढे जोडतो आणि ते तितक्याच झटक्यात विझतात! असो.

नोकरी पुण्यात, पण गाव नेवासा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेच. पैस खांब, मोहिनीराज, प्रवरा... समुद्राशी संबंध शून्य. तरी आमच्या घरात पाण्यावर उतरणारं एक विमान होतं. आजोबांच्या गोष्टीत.

आजोबा लढाईच्या काळात कराचीत होते. तेव्हा तिथं मराठी माणसांची बऱ्यापैकी वस्ती होती. कुणाच्या तरी ओळखीनं ते कोरंगी क्रीकच्या तळावर कामाला लागले. १९४३ मध्ये तिथं ब्रिटिश हवाई दलाची १९१ स्क्वाड्रन उभी राहिली, ‘कॅटलिना’ या पाण्यावरच्या विमानांची. आजोबांचं काम काय, तर विमानाला चाकं लावायची! छातीभर पाण्यात उभं राहून चाकं जोडायची, विमान ओढून काठावर घ्यायचं, आणि परत पाण्यात सोडलं की चाकं काढून घ्यायची. पारावरची मंडळी हसायची. ‘काय नाना, इमान हाय का बैलगाडी?’

मी सातवीत असताना त्यात भर घातली. वाचनालयातल्या एका पुस्तकात कॅटलिनाचा फोटो सापडला. पोटाच्या दोन्ही बाजूंना व्यवस्थित चाकं. ‘आजोबा, हे बघा. याला स्वतःची चाकं असतात.’ त्यांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला, ‘असतील बाबा’ म्हणाले, आणि ती गोष्ट पुन्हा कधीच सांगितली नाही. २००९ मध्ये ते गेले.

गेल्या वर्षी मी कॅटलिनाचं किट घ्यायचं ठरवलं. पहिला प्रश्न स्केलचा. खऱ्या विमानाचे पंख १०४ फूट. १:४८ घेतलं तर मॉडेल दोन फुटांहून रुंद. म्हणजे वन बीएचकेत ते राहणार की मी, एवढंच ठरवायचं! १:१४४ मध्ये जेमतेम २२ सेंटीमीटर, बारकावे दिसणार नाहीत. १:७२ मध्ये ४४ सेंटीमीटर. शेल्फवर बसतं. डन.

दुसरा प्रश्न, कुठलं किट? एअरफिक्सचा साचा साठच्या दशकातला, अंगभर रिव्हेटचे फोड. अकॅडमीचं त्यानंतरचं, रेषा बारीक कोरलेल्या. हे सगळं वाचता वाचता मी एका ओळीशी अडखळलो. कॅटलिना दोन प्रकारची असते. ‘पीबीवाय-५ए’ला चाकं असतात आणि बाजारातली बहुतेक किट्स याचीच. साधं ‘पीबीवाय-५’ मात्र निव्वळ होडी. बिनचाकी. ब्रिटिशांनी वापरलेली बहुतेक कॅटलिना याच जातीची. काठावर घेताना त्यांना सुटी चाकं लावावी लागत, ‘बीचिंग गिअर’ म्हणतात त्याला. आणि ती लावायला माणसं पाण्यात उतरायची.

रात्री दीड वाजता मी लॅपटॉप मिटला. सातवीतला तो फोटो भलत्याच विमानाचा होता.

किट ‘५ए’चंच मिळालं, अकॅडमीचं. मग त्याचं ‘५’ करायचं. चाकांचे खळगे प्लास्टिक शीटनं बंद केले, वर पुट्टी, मग पॉलिश पेपर. पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर. चार वीकेंड नुसत्या पोटावर गेले! नाकाखालच्या चाकाची दारंही बुजवली. किटमधल्या अमेरिकन खुणा बाद. ब्रिटिश खुणेतला लाल ठिपकाही चालणार नव्हता. जपान्यांच्या लाल गोळ्याशी घोळ होऊ नये म्हणून आपल्याकडच्या आघाडीवर तो काढूनच टाकला होता. राहिली ती सुटी चाकं. ती तारेचे तुकडे आणि उरलेलं प्लास्टिक घेऊन मी स्वतः बनवली. कामचलाऊ झाली, पण झाली.

दिवाळीला मॉडेल मांडीवर धरून एसटीनं नेवाशाला गेलो. अण्णांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि पोटावरून बोट फिरवलं.

‘चाकं कुठायत?’

मी खिशातून काडेपेटी काढली. ‘ही काय. लावायची आणि काढायची.’

अण्णांनी चाकं लावून पाहिली. काढली. पुन्हा लावली. मग नानांच्या फोटोकडे न बघताच म्हणाले, ‘म्हातारा खरं बोलत होता की रे. आम्हीच हसलो.’

मॉडेल आता त्या फोटोखालच्या फळीवर आहे. पाहुणे आले की अण्णा काडेपेटी उघडून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात. त्यांना मध्येच कुणी टोकत नाही. मी तर नाहीच नाही.