घाटाखालची पहाट

बुलढाणा जिल्ह्यात कुणाचं गाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावर की घाटाखाली? मेहकर तालुक्यातलं आमचं जानेफळ घाटावरचं. जुन्या दप्तरांतला बालाघाट आणि पयनघाट तो हाच. वर गार, खाली भट्टी, हे तर आम्हाला बाळकडूतच पाजलेलं.

जानेवारीत पहाटे खामगावला निघालो, तेव्हा उत्सुकतेपोटी काचेचा तापमापक सोबत घेतला. दारात पारा 11 अंशांवर. देऊळगाव साकर्शा मागे पडलं, घाट लागला आणि मधल्या एका वळणावर कानटोपीच्या आत चक्क ऊब जाणवली. गाडी थांबवून पाच मिनिटं तापमापक धरला. 13. मनात म्हटलं, बरोबर, उतरतोय ना! आता खाली 14 तरी असणार.

पायथ्याला बोटं क्लचवरून सुटेनात. पारा साडेनऊ! चुलींचा धूर हरभऱ्याच्या शेतांवर चादरीसारखा आडवा पसरलेला, वर जायचं नावच घेईना. टपरीवाल्याला माझं नवल वाटलं असावं. "भौ, सकाऊन थंडी खालीच राह्यते," तो कपात चहा ओतत म्हणाला.

त्याचं खरं होतं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. तिला चिकटलेली हवा गारठते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी ओघळून खोलगट जागी साचते. मधला उतार त्या डबक्याच्या वर राहतो, म्हणून तिथं ऊब.

दुपारी मात्र बाळकडू खरं ठरलं. खामगावात झाडाच्या सावलीत 30, घरी पोचलो तेव्हा 28. तापलेली हवा वर चढते, तिथं दाब कमी म्हणून फुगते आणि त्या फुगण्यात स्वतःचीच ऊब खर्च करते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व दाबला की बोटाला गार हवा लागते, तसंच. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंश गमावते. वातावरणाची सरासरी धरली तर साडेसहा. आमचा घाट दोनएकशे मीटरचा, त्याच्या वाट्याला येऊन येऊन येणार किती? खरी चैन चिखलदऱ्याची: सुमारे 1100 मीटर उंची, आणि वैदर्भीय उन्हाळ्याच्या डोक्यावर बसून कॉफी पिकवतात!

संध्याकाळी अंगणात बसलो. शेजारी पऱ्हाट्यांची चूल पेटली होती. धूर आधी सरळ वर गेला. दिवस बुडाला तसा निंबाच्या शेंड्यापाशी अडखळला, वाकला आणि हळूहळू घरांवरून नाल्याकडे आडवा सरकू लागला.