हुकूमनामा आणि हळद

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद,

तुझ्या दिरांचा घटस्फोट महिन्याच्या सुरुवातीला झाला आणि महिनाअखेरीला हॉलही ठरला, हे वाचून आधी आनंद झाला, मग माझं वकिली डोकं जागं झालं. त्यांना एवढंच विचार: निकाल संमतीचा, की भांडून मिळालेला?

कौटुंबिक न्यायालयाचा संमतीचा निकाल असेल तर त्यावर अपील नाही. दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढले तरी चालेल. भांडून मिळाला असेल तर मात्र हिंदू विवाह कायद्याचं 15वं कलम आडवं येतं. अपिलाची मुदत अपील न होता संपायला हवी, किंवा झालेलं अपील फेटाळलेलं हवं. मूळ 1955च्या कायद्यात तर वर्षभर थांबावं लागे. ती अट 1976 साली गेली.

आता मुदत किती? पूर्वी 30 दिवस होती, 2003 साली 90 झाली. पण कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यात अजून 30च छापलेले आहेत! त्यावरून बराच घोळ झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना 90 धरा असं सांगितलं. शिवाय निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यातून वगळतात. त्यामुळे कालनिर्णयावर बोट ठेवून मोजलेले 90 कमी पडू शकतात.

घाई केली तर लग्न रद्दच होतं का? दिल्लीतल्या एका बाईंनी घटस्फोट मिळवला. नवऱ्याने अपील केलं, मग 15 ऑक्टोबर 2011ला दोघांत तडजोड झाली आणि पुढे त्याने अपील मागे घेण्याचा अर्ज दिला. 6 डिसेंबरला तो दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला. अपील निकाली निघालं 20 डिसेंबरला. पुढे बिनसल्यावर दुसरी बायको कोर्टात गेली: लग्नाच्या दिवशी अपील जिवंत होतं, सबब लग्न बेकायदा. उच्च न्यायालयाने तिचं ऐकलं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तो निकाल फिरवला आणि लग्न वैध ठरवलं. चौदा दिवसांच्या अंतरापायी इतकी वर्षं! अर्थात तिथे तडजोड झालेली होती. तुझ्या दिरांच्या पहिल्या बायकोने तसं काही लिहून दिलंय का?

आणखी एक. मुद्रांकावर सह्या करून नोटरीचा शिक्का मारलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि 29वं कलम तिला मान्यता देतं. पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. ते जमलं नाही तर पहिलं लग्न कायम राहतं आणि दुसरं थेट फौजदारीत जातं, सात वर्षांपर्यंतची कैद.

त्यांच्या वकिलांना नक्कल हाती आल्याची तारीख विचार, अपील दाखल झालंय का तेही कोर्टात पाहायला सांग. हॉलवाल्याने अनामत परत द्यायला खळखळ केली तर तारीख पुढे सरकवून माग. आणि नवरीच्या आईला हे कागद दाखवलेत ना?

तुझी,
मावशी