धातू आणि माती

व्याकरणाच्या तासाला ‘धातू’ ही संज्ञा मी वर्षानुवर्षे एकाच रीतीने समजावीत आले. क्रियापदाला लागलेले प्रत्यय काढून टाका. जे उरते तो धातू. ‘बसतो’, ‘बसला’, ‘बसेल’ यांतून ‘बस’ उरतो. या शब्दाचा दुसरा अर्थ, शिसे-तांबे-जस्ताचा, मी एका वाक्यात सांगून पुढे जात असे.

तो दुसरा अर्थ मला आमच्या पुण्यातील इमारतीच्या परसात भेटला. तिथे दोन वर्षे मी पालक, मेथी, मुळा लावीत होते. चार वर्षांची माझी नात तो पालक आवडीने खाई आणि वाफ्यात बसून मातीची भांडी करी. इमारत होण्यापूर्वी त्या जागी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवीत, असे एका वृद्ध शेजाऱ्यांनी बोलता बोलता सांगितले. मी हसून म्हणाले, “त्याला ३० वर्षे झाली. सगळे केव्हाच मातीत मिळाले असेल.”

‘मातीत मिळणे’ म्हणजे नाहीसे होणे, अशी आपल्या भाषेची समजूत आहे. पाचोळा, शेण, हाडे यांच्याबाबत ती खरीही आहे. शिसे मात्र मूलद्रव्य आहे. जिवाणू त्याचे विघटन करू शकत नाहीत, पावसाने ते फारसे खाली झिरपत नाही. मातीच्या कणांना आणि सेंद्रिय द्रव्याला चिकटून ते वरच्या थरातच, म्हणजे नेमके मुलांच्या हाताशी, राहते. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. रस्त्याकडेच्या मातीत त्या धुरातले शिसे अजून आहे. प्रत्यय गळून गेले, धातू उरला.

तुमच्यापैकी अनेकजण शेती करता, म्हणून सांगते: मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासतात. त्यांत जस्त आणि तांबे आहे, शिसे नाही. ते वेगळे सांगून तपासून घ्यावे लागते. एरवी मातीत किलोमागे साधारण १० ते ५० मिलिग्रॅम शिसे असते. माझ्या वाफ्यात ६४० निघाले. मग नातीचे रक्त तपासले. “थोडेसे आहे,” डॉक्टर म्हणाल्या. शिशाचे सुरक्षित असे कोणतेच प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. ‘थोडेसे’ या एका शब्दावर मी त्या रात्री जितका विचार केला, तितका प्रबंध लिहितानाही कोणत्या शब्दावर केला नव्हता. मुलगी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता उघडी माती हिरवळीने झाकली आहे. विटांचे उंच वाफे करून त्यांत बाहेरची, तपासलेली माती भरली. पालेभाज्या आणि मुळा बंद. दोडका, टोमॅटो लावते, कारण फळांत शिसे कमी उतरते. कंपोस्ट घालते, पण त्याने शिसे जात नाही, नुसते बांधले जाते. नात चपला दाराबाहेर काढते आणि हात धुऊनच घरात येते. खालच्या मातीत कधी खेळायचे, असे ती अधूनमधून विचारते. मी तिला वरच्या वाफ्याकडे नेते.